बेसवाली समृद्धी

समृद्धी लांजेवार शाळेच्या बँडमध्ये गेली तेव्हा सगळे हसले होते. हसण्यासारखंच होतं. पोट्टी बेस ड्रम घेऊन उभी राहिली की वरून नुसते डोळे अन् टोपीवरचा लाल तुरा दिसे. बँडचे अरुणकुमार सर तिले बासरी देत होते. "बेटा, बेस बड़े बच्चों का काम है," म्हणे. तिनं बासरी घेतली, उलटीपालटी करून पाहिली, परत देल्ली, अन् बेस ड्रमच्या मागं जाऊन उभी राहिली. तिथून हललीच नाही. शेवटी सरांनी वैतागून पट्टा तिच्या खांद्यावर टाकला. वाटलं, दोन पावलात आडवी होते. नाही झाली. मैदानाचा पूर्ण चक्कर मारला, घामानं निथळत परत आली अन् विचारलं, "सर, अजून एक?"

त्या दिवसापासून तिचं नाव बेसवाली.

तशी ती आधीपासूनच ठोकणारी. भिलाईच्या स्मृति नगरात त्यांचं घर. छतावरची पाण्याची टाकी ठोकून ती खालून ओरडून सांगे, "आई, अर्धी हाये!" अन् टाकी अर्धीच निघे. बादली ठोक, गॅस सिलेंडर ठोक, पाहुण्यांच्या गाडीचं बोनट ठोक. तिची आई सुहासिनी म्हणे, "अवं, लोकांच्या वस्तू हायेत, हात आवर." तिचे बाबा, सुशील लांजेवार, स्टील प्लांटच्या ऑफिसात क्लर्क. आजोबांपासूनची नोकरी, भंडाऱ्याहून आलेले ते. एकदा त्यांनी सांगितलं, "टाकी रिकामी झाली का आवाज कावून बदलते, ते फिजिक्समध्ये शिकवतात."

"मंग मले फिजिक्सच पायजे."

"फिजिक्स घेऊन काय करशील?"

"इंजिनिअर. मशिनीचा आवाज ऐकून सांगीन कुठं बिघडली ते."

तेव्हा ती सातवीत होती. बाबा भल्ले खुश झाले. आल्यागेल्याले सांगत सुटले, आमची समृद्धी इंजिनिअर होणार. त्याईले कुठं माहीत होतं का या पोट्टीच्या डोक्यात इंजिनिअरिंग अन् ढोल एकाच खोलीत राहून राहिले, दोघांमधात भिंतच नाही.

भिलाईत बारावी म्हणजे काय, हे बाहेरच्याले सांगून समजत नाही. इथं आयआयटी घराजवळ हाये, सायकलनं जाता येते तिच्या फाटकापर्यंत. आत जायचं तर पूर्ण देशाशी भिडा लागते. म्हणून बारावी लागली का पोट्टे गायब. क्रिकेटची बॅट माळ्यावर, कॅरम पलंगाखाली. लग्नात गेलं तर कोणी नाव विचारत नाही. "बेटा, कौन सी बॅच?" एवढंच. क्लासवाले टेस्ट घेतात, मार्कावर बॅच ठरते, अन् वरच्या बॅचमधून खाली घसरलं का दुसऱ्या दिवशी दूधवाल्याले पण माहीत असते.

तर बारावी लागली अन् बाबा म्हणाले, "बँड आता बस."

समृद्धी जेवत होती. तिनं घास खाली ठेवला. "बाबा, बेस थांबला का सगळ्याईचे पाय चुकतात."

"चुकू दे."

"माझ्या भरवशावर चालतात ते. मी अशी मधातून कशी सोडू?"

दोन दिवस घरात भांड्यांचेच आवाज. मंग आईनं मधला रस्ता काढला. डिसेंबरात दुर्गले जिल्ह्याची बँड स्पर्धा होती. तेवढी होऊ द्यायची, पुढचं पुढं पाहू. बाबा कसेबसे हो म्हणाले. अन् नशीब असं का क्लासची मोठी टेस्ट त्याच रविवारी निघाली. सकाळी सिविक सेंटरले टेस्ट, दुपारी दुर्गच्या मैदानावर बँड.

बाबांनी तिले समोर बसवलं. आवाज चढवला नाही, हीच भीतीची गोष्ट. "ऐक. पेपर पूर्ण देशील. घंटी होईपर्यंत जागेवर बसशील. मधातून उठून पळाली असं मले समजलं, तर ढोल त्या दिवशीपासून बंद. अन् मंग मी कोणाचंच ऐकणार नाही, तुझ्या आईचं पण."

"बसीन बाबा. अन् वाजवीन पण."

"ते तू पाहून घे."

आता शुभमचं सांगा लागते. शुभम तिचा मावसभाऊ. खुर्सीपारले राहते. दहावीत शाळा सोडली, किंवा शाळेनं त्याले सोडलं, दोन्ही बाजूनं आनंदच होता. दिवसा मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये, अन् लग्नाच्या सीझनमध्ये शेरा धुमालमध्ये ढोल. धुमाल म्हणजे बरातीपुढे चालते ती पार्टी. गाडीवर भोंगे, रंगीत लाइट, अन् ढोल असे वाजवतात का नवरदेवाची घोडी पण कान टाकते. अरुणकुमार सरांसमोर धुमालचं नाव काढलं का त्याईचं तोंड वाकडं होई. "वो शोर है, बेटा. हम संगीत करते हैं."

समृद्धी शुभमले हे सांगून चिडवे. तो म्हणे, "सांग तुझ्या सरले, तुमच्या संगीतावर कोणी नोट उडवते का?" पण तिची कोणती पण परेड असू दे, हा पठ्ठा कुंपणाबाहेर उभा. कोणी म्हटलं का पोट्टीले बेस झेपत नाही, तर भांडायले पहिला. या रविवारी पण त्यानंच सांगून ठेवलं होतं, "पेपर सुटला का मी गेटवर. ऑटोची वाट पायशील तं तुझ्या बँडची वरात निघून जाईल."

बरं, बँडमध्ये सरांचा एक कायदा होता. ज्याचं वाद्य, त्याचाच हात. पहिले पोट्टे येता-जाता कोणाच्या पण ड्रमचे बोल्ट फिरवत, रोज सूर बिघडे. मंग सरांनी ठरवून टाकलं का दुसऱ्याच्या वाद्याच्या बोल्टले हात लावला तर बँडमधून बाहेर. सगळे पाळत. कोणाचा ड्रम पावसात भिजत असला तरी उचलून आत ठेवत, पण बोल्टले बोट लावत नसत.

त्यात समृद्धीचा बेस चामड्याचा. बाकीच्या शाळांचे फायबरचे झाले, पण सर म्हणत, फायबर बादलीसारखा बोलते. चामड्याचं काम असं का दव पडलं, थंडी पडली, का ते ढिलं होते, उन्हात गेलं का आपोआप आवळते. म्हणून वाजवणं झालं का बोल्ट सोडून ठेवायचे. समृद्धीले हे झोपेत पण माहीत होतं.

रविवारी पहाटे शाळेच्या मैदानावर शेवटची प्रॅक्टिस. धुकं असं का साइड ड्रमवाले दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. समृद्धीनं बेसवर पहिला ठोका मारला तर आवाज आला ओल्या गादीवर मारल्यासारखा. थप. तिनं चाबी घेतली, बोल्ट आवळले. थोडा सुधारला. अजून आवळले. आज स्पर्धा होती, आज तिले पूर्ण दुर्ग हलवायचं होतं. मंग अजून एकेक फेरा देल्ला. धम्म! आता कसं! पूर्ण बँडच्या पाठीतून वीज गेली. ट्रम्पेटवाले पोट्टे मागं वळून पाहाले लागले. सर पण मान हलवून हसले.

तेवढ्यात आईचा फोन. "अवं, पेपरले जायचं का नाही तुले?"

समृद्धीनं ड्रम उतरवला, पट्टा ऐश्वर्याच्या हातात देल्ला, अन् धुक्यात पळत सुटली. ऐश्वर्या म्हणजे झांज वाजवणारी, नववीतली. तिनं ड्रम नीट दुर्गच्या बसमध्ये चढवला. बोल्ट सोडायचे राहिले ते राहिलेच.

पेपरात समृद्धी बसली ती बसलीच. फिजिक्स धडाधड सोडवलं. गणितात एका जागी अडकली, सोडलं, पुढं गेली. केमिस्ट्रीत दोन प्रश्न असे होते का पाहूनच तोंड कडू झालं. बाहेर ऊन पडलं होतं, खिडकीतून बाकावर आलं होतं. पाय खाली आपोआप वाजत होते, डावा, उजवा, डावा, उजवा. शेजारचा पोट्टा म्हणाला, "ए, पैर बंद कर ना यार." तिनं पायावर पाय दाबून धरला. काही पोरं लवकर पेपर देऊन निघाली. ही हलली नाही. घंटी झाली, पेपर देल्ला, अन् जिन्यावरून जी निघाली ती सरळ शुभमच्या गाडीवर.

"कसा गेला?"

"गाडी काढ बे!"

नेहरू नगर चौकात सिग्नल लाल. शुभम म्हणे, "तोडू का?"

"नको. पकडलं तं तिथंच राहू."

मंग तिनं हिरवा होईपर्यंत त्याच्या पाठीवर दोन्ही हातांनी पूर्ण मार्चिंगची धून वाजवली. बाजूच्या स्कूटीवरच्या काकू पाहतच राहिल्या. "मेरी पीठ है, ढोल नहीं," शुभम ओरडला. सिग्नल सुटला. थंड हवा तोंडावर, ट्रकच्या बाजूनं काढत, जी. ई. रोडनं दुर्ग. तिनं गाडीवर बसल्या बसल्या युनिफॉर्मचा कोट चढवला. एक बाही हवेत उडून राहिली होती अन् पोट्टी मागं बसून हसून राहिली होती, इतकी का शुभमले पण हसू आलं.

मैदानावर पोहोचली तर बँड गोल करून उभा होता. गोल उघडला. मधात बेस ड्रम. उजव्या बाजूचं चामडं या काठापासून त्या काठापर्यंत फाटलेलं.

ऐश्वर्या रडायच्या बेतात होती. "दीदी, उन्हात ठेवला होता. तो चर्र चर्र करून राहिला होता. आम्हाले ऐकू येत होतं. पण हात कसा लावू, तुमचा होता ना."

समृद्धीले एका क्षणात सगळं समजलं. पहाटे ढिल्या चामड्याले तिनं जीव खाऊन आवळलं, सोडलं नाही, अन् दुपारच्या उन्हानं बाकीचं आवळलं. कायदा असा का दुसऱ्यानं सोडायचा नाही. अन् ज्याचा हात पाहिजे ती तिकडं पेपरात पाय दाबून बसली.

"माझी चूक हाये," ती म्हणाली. "मी सोडला नाही."

अरुणकुमार सर रागावले नाहीत. ते जास्त वाईट होतं. त्याईनं खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं. "ठीक है. बेस के बिना चलेंगे. साइड ड्रम ज़ोर से बजाना, बच्चो."

"सर, पाय चुकतील."

"तो क्या करूँ, बेटा? पेड़ पर लगता है क्या चमड़ा?"

त्याईच्या बँडचा नंबर शेवटून दुसरा होता. मैदानावर एक बँड वाजवून राहिला होता, त्यानंतर अजून काही बाकी होते. समृद्धी कुंपणाकडे पळाली. "शुभम! तुझा ढोल कुठं हाये?"

"कोणता?"

"धुमालचा! मोठा!"

संध्याकाळी दुर्गमध्येच बरात होती. धुमालची गाडी मागच्या गल्लीत लग्नाच्या लॉनजवळ उभी होती, सगळं सामान लादून. शुभमनं एकदा तिच्याकडे पाहिलं. तिनं काय म्हटलं ते त्याले समजलं, अन् त्याची किंमत पण समजली. बरातीच्या दिवशी ढोल उघडला असं शालिकराम भैयाले कळलं, तर शुभमचाच ढोल वाजणार होता. शालिकराम भैया म्हणजे धुमालचे मालक. शुभमनं फोन लावला.

"भैया, एक ढोल का मुँह खोलना है. बहन का फट गया है."

तिकडून जे आलं ते इथं लिहिता येत नाही. शुभमनं फोन कानापासून दूर धरला, थांबला, मंग म्हणाला, "हाँ भैया. शाम तक वापस. नहीं तो मेरा चमड़ा लगा लेना." फोन ठेवला. "चाल, हो म्हणतात."

"हो म्हणाले?"

"नाही असं तं नाही म्हणाले."

समृद्धीनं कमरेचा युनिफॉर्मचा पट्टा सोडला, फाटलेल्या बाजूवर आडवा धरला अन् नखानं मापाची खूण केली. शुभम तो पट्टा घेऊन गल्लीत पळाला, अन् परत आला तो डोक्यावर अख्खा ढोल घेऊन. लाल-पिवळा, काठाले लाइटच्या माळा, अन् फायबरच्या तोंडावर हा एवढा जबडा फाडलेला वाघ. खाली लिहिलेलं, शेरा धुमाल, खुर्सीपार.

पूर्ण बँडनं तोंडावर हात ठेवला. सरांनी डोळे मिटले.

"बोटभर मोठं भरते," शुभम धापा टाकत म्हणाला. "बसन का?"

"बसवते."

दोघं जमिनीवर बसले. पहिले तिनं डाव्या बाजूचे बोल्ट सोडले, नाही तर ते चामडं पण जात होतं. मंग फाटलेलं काढलं. वाघ चढवला. शुभमनं चाबी घेतली अन् गॅरेजमधला पूर्ण जोर लावून पहिला बोल्ट खालपर्यंत आवळला. वाघ एका बाजूले सरकला, दुसऱ्या बाजूले वळी पडली.

"अरे थांब! एकाच बाजूनं नको. सोड तो."

"टाइम नाहीये वं!"

"म्हणूनच सोड. एका बाजूनं ओढलं तं तिकडंच पळन ते. थोडा हा, मंग याच्या समोरचा. सगळ्याईले सारखा ताण पायजे."

"म्हणजे गाडीच्या चाकाचे नट कसतो तसं."

"तसंच. मंग माहीत हाये तं असा कावून करून राहिला?"

"तू घाबरवून राहिली म्हणून!"

ही म्हणे समोरचा, तो फिरवे. परत समोरचा. परत. बँडचे पोट्टे उन्हाकडे पाठ करून गोल उभे राहिले, ड्रमवर सावली पाडायले. कोणी सांगितलं नव्हतं त्याईले. समृद्धी एकेका बोल्टजवळ बोटानं टिचकी मारे, कान लावे. इथं चढा. इथं पडका. अर्धा फेरा इथं. अजून थोडासा. आधीचा बँड मैदानातून बाहेर निघाला तेव्हा तिचा कान वाघाच्या जबड्यावर होता. माईकवर समृद्धीच्या शाळेचं नाव आलं.

"बस्स," ती म्हणाली. "आता बोलते तो."

ड्रम खांद्यावर चढला. कमरेचा पट्टा बांधायचा राहून गेला, तो शुभमच्याच गळ्यात. सर समोरून एकदा पाहून गेले. पांढरे कोट, लाल तुरे, अन् मधात वाघ. त्याईनं काहीतरी बोलायले तोंड उघडलं, मंग नुसतं म्हणाले, "बजाओ."

पहिला ठोका पडला.

धुमालचं फायबर होतं ते. ते काही हळू बोलणारं नव्हतं. धम्म! पूर्ण मैदानाच्या पोटात लागलं. समोरच्या खुर्च्यांवरचे लोक सरळ बसले. मंग साइड ड्रम सुटले, ट्रम्पेट चढले, अन् पाय पडले, एकच पाय पडल्यासारखे. डावा, उजवा. समृद्धीले वाटलं का आपण ड्रम उचललाच नाही, ड्रमनंच आपल्याले उचललं. वळणावर तिनं मुद्दाम ठोका थोडा दाबला, कोपरा सुटल्यावर परत सोडला. मागची रांग पाण्यासारखी वळली. कुंपणावर पोट्टे ओरडाले लागले, "शेर! शेर! शेर!" शुभम कोणाच्या तरी मोटरसायकलच्या सीटवर उभा राहून नाचत होता. अन् अरुणकुमार सर, ज्याईचं धुमालच्या नावानं तोंड वाकडं होई, ते बाजूले उभे राहून पायानं ठेका देत होते.

शेवटचा ठोका. मंग टाळ्या.

फौजेच्या बँडमधून रिटायर झालेले एक जज होते, मोठ्या मिशावाले. ते चालत आले, वाघाकडे पाहिलं, मंग समृद्धीच्या सुटलेल्या कोटाकडे. "यह शेर किसका है?"

"भाई का है, सर."

"और बेल्ट?"

"वो भी भाई के पास है, सर."

मिशा हलल्या. हसले का रागावले, कळलं नाही. ड्रेसचे मार्क कापले त्याईनं, ते नंतर समजलं. निकाल लागला तर समृद्धीचा बँड दुसरा. पहिले दोन रायपूरले, राज्याच्या स्पर्धेले. पोट्ट्याईनं असा कालवा केला का तिसऱ्या नंबरचं नाव कोणाले ऐकूच गेलं नाही. ऐश्वर्या झांजा वाजवत गोल गोल पळत होती.

अन् तेव्हा समृद्धीले कुंपणाजवळ बाबा दिसले. स्कूटरची चाबी हातात, हेल्मेट डोक्यावरच.

ती ड्रमसकट तशीच गेली. "बाबा, तुम्ही इथं?"

"सिविक सेंटरले उभा होतो," बाबा म्हणाले. "पाहाले, का तू मधातून उठते का."

"अन्?"

"शेवटच्या पोट्ट्याईत निघाली. आवाज देल्ला मी. ऐकलंच नाही. हा शुभम तुले घेऊन गोळीसारखा सुटला. मंग मागं मागं आलो." त्याईनं हेल्मेट काढलं. केस कपाळाले चिकटले होते. "पेपर कसा गेला?"

समृद्धीले खोटं बोलता आलं असतं. "फिजिक्स मस्त. केमिस्ट्रीचे दोन सोडले. गणितात एक अडकलं. बॅच कदाचित जाईल एक खाली."

बाबांनी हेल्मेट काखेत धरलं. मागं शुभम गळ्यातला पट्टा दोन्ही हातांनी धरून उभा.

"रायपूर कधी हाये?"

"जानेवारीत. जेईईचा पहिला पेपर हाये त्याच हप्त्यात."

"अन् तू काय करशील?"

"दोन्ही."

"दोन्ही जमत नसते, समृद्धी."

"आज जमलं नाही का?"

बाबांनी वाघाकडे पाहिलं. मंग बोटानं त्याच्या जबड्यावर हळूच एक टिचकी मारली, जशी ती टाकीवर मारे. फायबर भरून बोललं. त्याईनं अजून एक मारली. दोन बोल्टांमधात, मंग समोरच्या बाजूले. सगळीकडून सारखाच आवाज आला.

"हे तू आवळलं?"

"मी अन् शुभमनं."

"खाली गेलेली बॅच परत वर आणशील?"

"आणीन."

"केमिस्ट्री?"

"रोज सकाळी. बँडच्या आधी."

"बँडच्या आधी," बाबा म्हणाले, अन् त्याईले आपणच काय म्हटलं ते ऐकू आलं. जरासे हसले. मंग शुभमकडे वळले. "अन् तू. संध्याकाळची बरात हाये ना तुमची? हे तोंड परत लावायचं का नाही तुमच्या ढोलाले?"

"लावायचं हाये, काका. शालिकराम भैया वाट पाहून राहिले. माझं चामडं काढायची."

"मंग बसा खाली, उघडा लवकर. मी धरतो एका बाजूनं."

पोट्टी आधीच खाली बसली होती, चाबी हातात.